ओठ हलवू नकोस

२ एप्रिल

वही उघडायचं कारण एवढंच की घरात बोलायला कुणी नाही. म्हणजे ठकी आहे, माझी मुलगी. पण तिच्याशी जे बोलायचंय नेमकं तेच बोलायचं नाही, असं कबूल करून बसलोय.

दोन वर्षांपूर्वी तिची आई दुसऱ्या शहरात नोकरीला गेली आणि मग तिकडचीच झाली. भांडण नाही, तंटा नाही. सगळं इतक्या समजुतीनं पार पडलं की शेजाऱ्यांची चांगलीच निराशा झाली असणार. ठरलं ते असं: शाळा संपेपर्यंत ठकी माझ्याकडे. पुढे कॉलेजला कुठे राहायचं ते तिचं ती ठरवेल, आणि आम्ही दोघांनीही तिला एका शब्दानं ओढायचं नाही. ‘एका शब्दानं’ हे माझे शब्द. तेव्हा मोठेपणा मिरवायची हौस आली होती.

परवा तिची परीक्षा संपली. महिनाअखेरीला काय ते ठरेल. तोवर मूग गिळून बसायचं.

मला ती इथे हवी आहे. कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

४ एप्रिल

गॅलरीवाल्या बाईंचा फोन. जूनमध्ये लाकडी छाप्यांचं प्रदर्शन करताहेत, माझं एक मोठं चित्र हवंय. “सर, काहीतरी नवीन द्या हं. झाडं नकोत.” गेली पाच-सहा वर्षं मी झाडंच कोरतोय. झाडाच्या फळीवर झाड कोरायचं यात मला मौज वाटते, लोकांना वाटत नाही.

दिवसभर विचार केला. संध्याकाळी ठकी खिडकीत पाय वर घेऊन बसली होती, केस अर्धवट बांधलेले, डाव्या भुवईवर सायकलवरून पडल्याची खूण. म्हटलं, हेच. हिचा चेहरा. पुरुषभर उंचीची फळी, आणि त्यावर फक्त चेहरा.

विचारलं, “बसशील का रोज तासभर? ऊन उतरताना?”

“कशाला?”

“चित्राला.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “रोज तासभर? नुसतं आपण दोघं?”

“तिसरं कोण येणार?”

“बसते की,” म्हणाली. लगेच म्हणाली, आढेवेढे न घेता. सोळा वर्षांच्या मुली कुठल्याही गोष्टीला लगेच हो म्हणत नाहीत. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चित्र हे निमित्त. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही जुनी खोड. रोज तासभर समोर बसेल, घर अंगवळणी पडेल, जायचं नाव काढणार नाही.

७ एप्रिल

सुतारानं फळ्या आणल्या, जोडून, घासून, गालावरून फिरवावा तसा हात फिरवावासा वाटेल अशा. “दादा, दरवाजा करताय का?” विचारत होता. म्हटलं, हो, मुलीचा. तो हसला नाही. सुतारांना लाकडाबद्दलचे विनोद आवडत नाहीत.

आज पहिली बैठक. एरवी मी आधी कागदावर चित्र काढतो, मग ते लाकडावर उतरवून घेतो, मग कोरणी. आज कागद बाजूला टाकला. ती अशी काही बसली होती, पश्चिमेचा उजेड असा काही गालावर आला होता, की थेट फळीवरच कोळशानं काढायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा. मधे कागदाची दलाली नको. एका तासात अख्खा चेहरा उभा राहिला. कित्येक वर्षांत हात असा चालला नव्हता.

मी फार खूश आहे. अंडी करपली तरी खूश आहे.

९ एप्रिल

कोरायला सुरुवात. कपाळापासून.

लाकडात खोडरबर नसतं. फळीला शाई लावून कागदावर छाप घेतला की जे कोरून टाकाल ते पांढरं, जे ठेवाल ते काळं. एकदा निघालेली कपची परत बसत नाही. म्हणून मी हात लावण्याआधी खूप वेळ नुसता बघतो. आक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, म्हणते की तू बघतोस फार आणि तुला दिसतं कमी. तिला चित्रातलं काय कळतंय.

ठकी आज बोलण्याच्या लहरीत होती. “बाबा, आईच्या नव्या घरात ना, एक खोली आहे, पूर्वेकडची...”

“हनुवटी थोडी खाली.”

“...आई विचारत होती पडदे कुठल्या रंगाचे घेऊ.”

पडदे! एका शब्दानं ओढायचं नाही असं ठरलेलं, आणि ही बाई पडद्यांनी ओढतेय. पण मी काही बोललो नाही. दिलेला शब्द पाळतो मी. “डोळे समोर,” एवढंच म्हणालो. ठकीनं डोळे समोर केले. भुवई सुरेख उतरली.

१२ एप्रिल

गाल. गाल कोरणं म्हणजे पोळलेली जीभ दातांत सांभाळणं. एक रेघ जास्त झाली की मूल म्हातारं दिसायला लागतं.

ठकी जन्मली तेव्हा अशीच होती, गोल, गुळगुळीत, लाकडी बाहुलीसारखी. आक्कानं पाळण्यात डोकावून “काय ठकी आहे!” म्हटलं आणि तेच नाव पडलं. शाळेतलं नाव फक्त शिक्षकांना ठाऊक. ती रांगायला लागली तेव्हा मी तिची चित्रं काढायचो, झोपलेली असताना, कारण जागेपणी हलायची. मग चालायला लागली, मग पळायला, तिची चित्रं कमी कमी होत गेली, आणि शेवटी मी झाडांकडे वळलो. झाडं हलत नाहीत. हे लिहिताना जरा विचित्र वाटलं, पण खरं आहे.

१३ एप्रिल

आज ओठ घेतले. सगळ्यात अवघड.

आणि नेमकी आजच ती सारखी बोलायला बघत होती. “बाबा, मला तुला एक सांगायचंय.”

“ओठ हलवू नकोस, बाळा. पाचच मिनिटं.”

बसली बिचारी ओठ मिटून. पाचाची पंधरा झाली असतील. पुन्हा म्हणाली, “सांगू का आता?”

“अगं खालचा ओठ आत्ता कुठे सापडतोय. हलवू नकोस.”

मग तिच्या खालच्या ओठाखाली एक ताण आला, असा की आत काहीतरी दाबून धरलंय. मी तो तस्साच पकडला. दोन बारीक रेघा, बस. पुढे तिचे डोळेही पाणावले, खिडकीतून तिरपं ऊन येत होतं त्यानं असेल. त्या पाण्यात जो ठिपका चमकला तोसुद्धा घेतला. आजच्यासारखा दिवस कलावंताच्या नशिबी क्वचित येतो.

उठताना विचारलं, “काय सांगत होतीस?”

“राहू दे,” म्हणाली. “हातपाय आखडलेत.” आणि आत गेली. दमते फार हल्ली.

१५ एप्रिल

आक्काचा फोन. तिच्या घरी बसून उंटावरून शेळ्या हाकते.

“ठकीचं काय ठरलं?”

“ठरेल.”

“तू विचारलंस का?”

“विचारायचं नाही असं ठरलंय आमचं.”

“अरे, ओढायचं नाही असं ठरलंय. विचारायचं नाही असं कुठे ठरलंय?”

“एकच ते.”

“एकच नाही रे बाबा. तुला वाटतं तरी काय?”

म्हटलं, “ती रोज माझ्यासमोर तासभर बसते. स्वतःहून. याच्यात काय ते आलं.”

आक्का मग म्हणाली, “जेवतोस ना वेळेवर?” हरली की ती जेवणावर येते.

१८ एप्रिल

केस. केसांचं काम म्हणजे नुसती हमाली, काळं ठेवत जायचं. ठकी आता पुस्तक घेऊन बसते. मी हरकत घेत नाही, चेहरा झालाय. गेले तीन-चार दिवस एक अक्षर बोलत नाही. शांत झालीये असं वाटतं. सुरुवातीला किती चुळबुळ करायची. बैठकीनं माणूस स्थिर होतो हे माझं मत पक्कं होत चाललंय.

आम्ही दोघं एका खोलीत, उजेड उतरत चाललेला, कोरणीचा खर्र-खर्र आवाज. मला यापेक्षा जास्त काही नको. तिला म्हणावंसं वाटलं की, बाळा, जाऊ नकोस. जिभेवर आलं होतं. पण शब्द दिलाय. आणि बापानं असं म्हटलं की मुलीच्या पायात बेडी पडते. म्हणून मी म्हटलं, “दिवा लाव.”

तिनं दिवा लावला.

२२ एप्रिल

आजचा दिवस कुठून लिहायला घ्यावा?

सकाळी कोरणं संपलं. फळीला रुळानं शाई लावली, कागद पसरला, आणि चमच्याच्या पाठीनं घासत घासत छापा घेतला. मोठ्या छाप्याला अर्धा दिवस जातो. खांदे भरून आले. ठकी बाहेर गेली होती. तिला एकदम पूर्ण दाखवायचा होता. मग कागद दोन कोपऱ्यांत धरून उचलला.

समोर कुणीतरी भलतीच मुलगी.

नाक तेच, हनुवटी तीच, पण मुलगी भलती. भांग चुकीच्या बाजूला. खूण डाव्याऐवजी उजव्या भुवईवर. क्षणभर वाटलं, डोळे गेले आपले. आणि मग कळलं. लाकडी छापा उलटा पडतो. डावं उजवीकडे जातं, उजवं डावीकडे. म्हणून तर चित्र आधी कागदावर काढायचं आणि लाकडावर उलटं करून उतरवायचं, हे पहिल्या वर्षाचं पोर शिकतं. मी शिकवलंय पोरांना, खडसावून. आणि मी स्वतः, पंचवीस वर्षं हे काम करणारा, भरात येऊन समोर दिसेल ते थेट फळीवर काढत गेलो. अक्षरं असती तर कोरतानाच ध्यानात आलं असतं. चेहरा कुठे कोण वाचून बघतो. रोज समोर चेहरा, समोर फळी, दोन्ही जुळत होतं. जुळायला नको होतं.

कागद गुंडाळायच्या बेतात होतो तेवढ्यात ठकी आली. म्हणाली, “झालं? दाखव.”

“बघू नकोस. गाढवपणा झालाय. उलटी आलीयेस.”

तिनं माझ्या हातातून कागद घेतला, भिंतीला धरला, आणि बघत राहिली. मी काय घोटाळा झाला ते समजावून सांगत होतो, लाकूड, डावं-उजवं, कागद. ती ऐकत नव्हती. आत जाऊन हातआरसा घेऊन आली, एकदा आरशात बघे, एकदा कागदाकडे.

“बाबा,” म्हणाली, “ही मी आहे.”

“अगं, उलटी आहे.”

“तुला उलटी. मी रोज हीच बघते.” आणि हसली. किती दिवसांनी. “तुझ्या आधीच्या चित्रांतली मला नेहमी दुसरीच कुणी वाटायची. फोटोतलीपण. तुला म्हटलं नाही कधी, वाईट वाटेल म्हणून. ही पहिली.”

मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच. पण बरं वाटलं, नाकारून काय करू.

मग ती अगदी जवळ जाऊन ओठांपाशी बघायला लागली. “इथे मी काहीतरी बोलायला निघालेय.”

“कुठे? किती शांत आलेत ओठ.”

“शांत?” ती माझ्याकडे वळली. “बाबा, मला माहितीये ना मी त्या दिवशी काय सांगत होते. आईकडे जायचं ठरवलंय मी. तुला सांगायचं होतं, सगळ्यात आधी तुला. आईलापण सांगितलं नव्हतं तोवर.”

मी काय बोललो ते आता आठवत नाही. बहुतेक म्हटलं की शाई ओली आहे, हात लावू नकोस.

२३ एप्रिल

काही नाही.

२५ एप्रिल

गॅलरीवाल्या बाईंना कळवलं, चित्र चुकलं, देत नाही. त्या म्हणाल्या, सर, कुणाला कळणार आहे? खरंच आहे. जगात या चेहऱ्याची डावी-उजवी बाजू ठाऊक असलेली माणसं किती, तर मी, आक्का, आणि तिची आई. तरी नाही म्हटलं. बाईंना माझी झाडं पाठवतो, चिडू देत.

छापा ठकीनं मागितला. पहिलाच हवा म्हणते, एका कोपऱ्याला माझ्या अंगठ्याचा डाग आहे तो. स्वच्छ काढून देतो म्हटलं तर नको.

आक्काला फोन केला. बातमी सांगितली. मला वाटलं, म्हणेल, बघ, मी सांगत नव्हते? तसं काही म्हणाली नाही. “रडलास का?” विचारलं. मी म्हटलं, छे. मग फोनवरच रडलो. मोठी बहीण असण्याचा एवढा तरी उपयोग असावा. ती “हं, हं” करत राहिली. शेवटी म्हणाली, “तिला सांगितलंस का, हे असं वाटतंय म्हणून?”

“आता काय उपयोग?”

“उपयोगाचं कोण बोलतंय?”

२९ एप्रिल

उद्या जाणार. तिची बॅग माझ्या कोरण्यांच्या टेबलावर ठेवलीये कारण घरात तेवढंच मोठं टेबल आहे. दोघांनी मिळून भरली. मी कपडे घडी करत होतो, ती ते पुन्हा उलगडून तिच्या पद्धतीनं घडी करत होती.

मी म्हटलं, “ठकी, मला वाटतं तू इथे राहावंस.”

हातातला शर्ट तसाच. “आत्ता सांगतोयस?”

“शब्द दिला होता. ओढायचं नाही म्हणून.”

“मला वाटलं तुला काही फरक पडत नाही. तू विचारलंच नाहीस कधी. आई तरी पडद्यांचं विचारायची.”

“फरक पडत नाही? अगं, घर खायला उठेल मला.”

ती शर्टाची बटणं लावत बसली, सगळी, वरपासून खालपर्यंत. मी विचारलं, “आधी बोललो असतो तर राहिली असतीस?”

तिनं खरोखर विचार केला. ही तिची आईसारखी सवय, उगाच गोड बोलणार नाही. “नाही,” म्हणाली. “तिथलं कॉलेज हवंय मला. गेलेच असते. पण जाताना बरं वाटलं असतं.”

आम्ही बॅग बंद केली. चेन अडकत होती, तिला मेणबत्ती घासली.

३० एप्रिल

स्टँडवर लवकर पोहोचलो, नेहमीप्रमाणे माझ्या घाईमुळे. बस उभीच होती. छाप्याची गुंडाळी तिनं बॅगेत घातली नाही, हातात धरली होती. खिडकीशी बसली. काच बंद, आत एसी लावलेला.

मी खाली उभा. हात हलवला. आणि सवयीनं बघायला लागलो, काचेमुळे गालावर पडलेली आडवी तिरीप, कपाळावर आलेली बट. चांगलं चित्र होतं. त्यात तिचे ओठ हलले. ती काहीतरी सांगत होती, काचेआडून, बऱ्यापैकी लांब वाक्य होतं. मी मान डोलावली, हो हो. तिनं पुन्हा तेच म्हटलं असावं. मी पुन्हा हो हो केलं. बस निघाली.

स्टँडच्या फाटकापर्यंत बस गेली असेल नसेल, मी उभ्या उभ्या फोन लावला.

“काय झालं? काही राहिलं का माझं?”

“नाही. तू आत्ता काचेतून काय म्हणत होतीस?”

“मग मान कशाला डोलावत होतास?”

“काहीच ऐकू आलं नव्हतं. काय म्हणत होतीस?”

मागून बसचा आवाज येत होता, कुणीतरी तिकिटाचं विचारत होतं.

“हे विचारायला फोन केलास?”

“हो.”

“काही विशेष नाही रे. भात उरलाय तो गरम करून खा, म्हणत होते. आणि...”

“आणि?”

मग ती बोलायला लागली. नव्या कॉलेजची भीती वाटते म्हणाली. आईशी पूर्वीसारखं जमेल का कळत नाही म्हणाली. परीक्षेत एक पेपर वाईट गेलाय, ते दोघांनाही सांगितलेलं नाही. बैठकीच्या पहिल्या दिवशी तिला काय वाटलं होतं, तेही सांगितलं, आणि ते मी इथे लिहिणार नाही. मी स्टँडवरच्या बाकावर बसून ऐकत होतो. मध्ये फक्त “मग?” म्हणत होतो. बस गावाबाहेर पडून आवाज तुटेपर्यंत ती बोलत होती, आणि तुटल्यावर मी तिथेच बसून राहिलो, ती परत लावते का बघत.

तिनं लावला.